माओ संपला, कॅस्ट्रो उरलाय

इस्त्रीवाला कपडे देऊन दारात सुटे पैसे मोजत उभा होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून नातीचा आवाज आला. "माओ संपवला गं काल रात्री. कॅस्ट्रो उरलाय. स्टालिनला मी हातच लावणार नाहीये, फार वेळ खातो." पलीकडे कोण होतं ते कळलं नाही, पण तिकडची परिस्थिती बिकट असावी, कारण नात म्हणाली, "अगं, मग हिटलरचा फक्त उदय कर. पुढचं सोडून दे." इस्त्रीवाल्याने दहाची नोट माझ्या हातावर ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई काय करतात सध्या?"

"अभ्यास," मी म्हटलं. "इतिहासाचा."

त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

नात बारावीला आहे, पण तिची बारावी आपल्या ओळखीची नाही. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या एका मंडळाची ती परीक्षा आहे. घरात तिला नुसतं आयबी म्हणतात आणि तिच्या फीचा आकडा माझ्या ब्लडप्रेशरचा विचार करून मला कोणी सांगितलेला नाही. परीक्षा मे महिन्यात. त्यामुळे आमच्याकडे यंदा लग्नसराई, पाणीकपात, आंबे आणि हुकूमशहा एकदमच आले. इतिहासाच्या दुसऱ्या पेपरला वेळ दीड तास, निबंध दोन, तेही दोन वेगळ्या विषयांवरचे, पंधरा-पंधरा मार्कांचे. तिच्या शाळेने घेतलेल्या विषयांपैकी एक शीतयुद्ध आणि दुसरा 'ऑथॉरिटेरियन स्टेट्स'. म्हणजे विसाव्या शतकातले हुकूमशहा गादीवर आले कसे, तिथे टिकले कसे, आणि टिकून त्यांनी केलं काय.

यात माझ्याकडे रात्रीच्या जेवणानंतरचं काम आहे. रबर लावलेली दोनशे-अडीचशे कार्डं माझ्या हातात देऊन ती पलंगावर मांडी घालून बसते. मी प्रश्न वाचतो, ती डोळे मिटून उत्तर देते, मी कार्ड उलटं करून ताडून पाहतो. चाळीस वर्षं मी मुद्रितशोधक होतो. ताडून पाहणं एवढंच मला येतं.

पहिल्या दोन-तीन रात्री मला वाटत होतं की ही पोरगी या मंडळींबद्दल जरा जास्तच सलगीने बोलते. "कॅस्ट्रोचं आरोग्य चांगलं आहे, शिक्षण त्याहून चांगलं, पण अर्थव्यवस्था फार कच्ची आहे माझी." यातलं 'माझी' कुणाचं, हे कळायला मला वेळ लागला. मग लक्षात आलं, डॉक्टर नाही का म्हणत, 'सात नंबरचं अपेंडिक्स'? तसंच हे. एकदा सकाळी चहाच्या वेळी ती स्वतःशीच पुटपुटली, "माओच्या बायका राहिल्या." हिच्या हातातली गाळणी थांबली. माओचं स्त्रियांविषयीचं धोरण, १९५० चा विवाह कायदा वगैरे, असा त्याचा अर्थ निघाला. त्या कायद्याने बालविवाह आणि घरच्यांनी जबरदस्तीने ठरवलेली लग्नं बंद केली, एवढं ऐकून ही म्हणाली, "मग एवढा काही वाईट नव्हता मेला." नातीने ते वाक्य ताबडतोब वहीत टिपून घेतलं. उत्तरात दुसरी बाजू लागते म्हणे.

त्या प्रश्नपत्रिकेची आणखी एक गंमत आहे. बऱ्याच प्रश्नांत दोन राज्यकर्ते मागतात, आणि ते दोघे जगाच्या दोन वेगळ्या विभागांतले लागतात. विभाग चार: युरोप, अमेरिका, आफ्रिका आणि मध्यपूर्व, आशिया आणि ओशनिया. त्यामुळे हिटलर आणि मुसोलिनी ही जोडी आयुष्यभर गळ्यात गळे घालून फिरली तरी पेपरात चालत नाही. सगोत्र. हिटलरला पाहिजे तर इजिप्तचा नासर करा, अर्जेंटिनाचा पेरॉन करा, पण घरातल्या घरात नको. नातीने मग सगळ्यांच्या पत्रिका मांडल्या आणि माओ-कॅस्ट्रो हे स्थळ पक्कं केलं. दोघेही डोंगरात राहून गनिमी काव्याने लढलेले, दोघांनाही खेड्यातल्या माणसांचा आधार, दोघेही आधीच्या सडलेल्या राजवटीच्या जिवावर मोठे झालेले. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण सहज जुळत होते. पुढे १९६६ मध्ये तांदळाच्या व्यवहारावरून क्युबा आणि चीन यांचं चांगलंच वाजलं, पण ते लग्नानंतरचं.

आमच्या वेळी असलं काही जमवावं लागत नसे. अकरावीच्या मॅट्रिकला हिटलर पाच मार्कांचा होता. 'हिटलरच्या उदयाची कारणे लिहा.' व्हर्सायचा अपमानकारक तह, जागतिक मंदी, दुबळं प्रजासत्ताक, साम्यवादाची भीती आणि हिटलरचं प्रभावी वक्तृत्व. एका कारणाला एक मार्क. आमचे इतिहासाचे मास्तर ही कारणं पाढ्यांसारखी म्हणून घेत. माझं चौथं कारण नेहमी विसरायचं, त्यामुळे माझ्यापुरता हिटलर साम्यवादाच्या भीतीशिवायच सत्तेवर आला आणि मला चार मार्क मिळाले. त्याने पुढे काय केलं, हा 'टीपा लिहा'मधला भाग होता आणि तो पर्यायाला टाकता येई.

नातीला नुसती कारणं चालत नाहीत. तिच्या प्रश्नांत 'टू व्हॉट एक्स्टेंट' असतं. एका रात्री तिने विचारलं, "आबा, याला मराठीत काय म्हणाल?" मी म्हटलं, "कितपत." म्हटलं खरं, पण झोप येईपर्यंत तो शब्द डोक्यात फिरत राहिला. आपला 'कितपत' फार वाकडा शब्द आहे. 'तो कितपत येईल कोण जाणे' असं आपण म्हणतो तेव्हा तो येणार नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. भाजी कितपत शिजली आहे हे बघायला सांगणारीला ती कच्ची असल्याचा संशय असतोच. 'माओच्या आर्थिक धोरणांना कितपत यश आले?' हा प्रश्न मराठीत विचारला की उत्तर निम्मं देऊनच टाकल्यासारखं होतं. इंग्रजीतला प्रश्न मात्र तोंड अगदी कोरं ठेवून बसतो, आणि पोरांना दोन्ही बाजूंनी लिहायला लावून शेवटी निवाडा मागतो. तिच्या एका सराव-निबंधात मी अकरा 'हाउएव्हर' मोजले. सवयीने समासात खुणा केल्या. ती म्हणाली, "आबा, ते काढू नका, त्याचेच मार्क असतात."

क्युबाचंच बघा. १९६१ साली कॅस्ट्रोने साक्षरतेची मोहीम काढली. लाखभर शाळकरी मुलं-मुली, त्यांतली कित्येक नातीपेक्षाही लहान, हातात कंदील आणि बाराखडीचं पुस्तक घेऊन खेड्यापाड्यांत जाऊन राहिली. सरकारी आकड्यांप्रमाणे सात लाखांवर माणसं एका वर्षात लिहायला-वाचायला शिकली आणि निरक्षरतेचं प्रमाण शेकडा तेवीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. अशा कामाला नाव ठेवायला जीभ रेटत नाही. आता 'हाउएव्हर'. एवढी माणसं शिकली ती वाचणार काय? त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० साली, तिथली स्वतंत्र वर्तमानपत्रं एकेक करून बंद झाली किंवा सरकारजमा झाली.

त्याआधी तिथे एक प्रकार झाला. तो वाचून मी कार्ड खाली ठेवलं आणि नातीला म्हटलं, थांब जरा. सरकारच्या विरोधातली बातमी किंवा लेख आला की छापखान्यातल्या कामगारांची संघटना त्या मजकुराखाली आपली तळटीप जोडायची: वरील मजकूर खरा नाही, आम्हा कामगारांना तो मान्य नाही. मालकाचं वर्तमानपत्र, संपादकाचा लेख, आणि खाली खिळे जुळवणाऱ्यांचा शेरा. आता माझं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं आहे. इतके भिकार लेख मी तपासले आहेत की त्यांच्या खाली 'मुद्रितशोधकाला हे मान्य नाही' असं लिहायला मिळावं म्हणून मी एक पगार सोडला असता. पण क्युबात तो शेरा कामगाराच्या मनातून आला होता की वरून, हा प्रश्न राहतोच. आणि थोड्याच महिन्यांत ज्याच्याखाली शेरा मारावा असा मजकूरच उरला नाही.

मुसोलिनी तिने अभ्यासाला घेतला होता आणि नंतर सोडला, तरी त्याची कार्डं गठ्ठ्यात राहून गेली होती. 'रोमवरचा मोर्चा, १९२२.' मोर्चा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुढारी सर्वांत पुढे आणि मागे घोषणा देणारी माणसं असं चित्र आलं. इथे काळ्या सदऱ्यांतले हजारो लोक ऑक्टोबरच्या पावसात रोमच्या आसपास भिजत थांबलेले, आणि पुढारी मिलानमध्ये. राजाने आणीबाणीच्या हुकमावर सही करायला नकार दिला, उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. तेव्हा हा गृहस्थ रात्रीच्या गाडीच्या शयनयानात झोपून सकाळी रोमला उतरला. मोर्चा पोचायच्या आधी पंतप्रधान पोचला! पुढच्याच कार्डावर मातेओत्तीचं नाव होतं. निवडणुकीतल्या गुंडगिरीबद्दल संसदेत भाषण केलेला समाजवादी सभासद. त्या भाषणानंतर पंधरा दिवसांच्या आत, १० जून १९२४ ला, त्याला भर रस्त्यातून उचलून मोटारीत घातलं आणि मारलं. ते कार्ड वाचल्यावर आधीच्या कार्डाला हसलो होतो ते जरा बोचलं.

स्टालिनला ती हात लावणार नव्हती, पण मी लावला. तिचं जाड पुस्तक दुपारी माझ्याच ताब्यात असतं. त्यात येझोव्हचा तो प्रसिद्ध फोटो आहे: मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिन, आणि त्याच्या शेजारी त्याचा गुप्त पोलिसांचा बुटका प्रमुख. शेजारी तोच फोटो पुन्हा. येझोव्हला गोळी घातल्यानंतरचा. आता त्याच्या जागी कालव्याचं पाणी आहे. त्या काळात संगणक नव्हता, तेव्हा कोणीतरी टेबलाशी बसून, बारीक कुंचल्याने, माणूस होता तिथे एकेक लाट काढली असणार. लाटा चांगल्या काढल्या आहेत. कारागीर म्हणून त्याला पैकीच्या पैकी.

पण माझी खरी झोप उडवली ती बेरियाने. हा येझोव्हच्या जागी आलेला. स्टालिन गेल्यावर १९५३ मध्ये त्यालाही पकडून संपवलं. अडचण अशी की तोवर मोठ्या सोव्हिएत ज्ञानकोशाचा पाचवा खंड छापून, बांधून, वर्गणीदारांच्या घरी पोचला होता, आणि त्यात बेरियावर मोठा लेख होता, फोटोसकट. मग वर्गणीदारांना टपालाने एक पाकीट गेलं. आत काही नवी पानं आणि सूचना: पृष्ठ २१ ते २४ आणि मधलं चित्र कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढावं, शिवणीपाशी थोडी कडा राखावी, आणि त्या कडेला सोबतची पानं चिकटवावीत. नव्या पानांत बेरिंग समुद्राची भरपूर माहिती होती.

मी आयुष्यात शेकड्यांनी शुद्धिपत्रं तयार केली. पृष्ठ ४७, ओळ ९, 'सुरत' ऐवजी 'मूर्त' वाचावे. प्रत्येक शुद्धिपत्र करताना लाज वाटायची, कारण ती आपल्या चुकीची जाहीर कबुली असते. हे शुद्धिपत्र मात्र जगावेगळं: 'बेरिया' ऐवजी 'बेरिंग' वाचावे, आणि चूक कोणाचीच नाही. त्यातही मला कौतुक वाटलं ते 'शिवणीपाशी कडा राखावी' या शब्दांचं. माणूस पुसायचा आहे, पण बांधणी बिघडता कामा नये. ही सूचना लिहिणारा नक्की आमच्याच धंद्यातला असणार.

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, हे पेपरात नाही वापरता येणार, मी स्टालिन करतच नाहीये." मग थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्याकडे झालं होतं का कधी असं? इमर्जन्सीत?"

झालं होतं. १९७५ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि पेठेतल्या एका छापखान्यात नुकताच लागलो होतो. २८ जूनला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ते आम्ही कौतुकाने एकमेकांना दाखवलं. मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली. काही न छापण्याबद्दलही आक्षेप असू शकतो, हे छापखान्यातल्या माणसांना नवं होतं. आमच्याकडे त्या वर्षी एक दिवाळी अंक होता. गॅल्या मंजुरीला जाऊन परत आल्या तर एका विनोदी कथेत 'सोसायटीच्या चेअरमनबाई' या शब्दांखाली लाल रेघ. कथेतल्या बाई सोसायटीचं पाणी तोडतात, सभा रद्द करतात आणि मुलाला पार्किंग देतात. लेखक शपथेवर सांगत होता की त्या बाई खऱ्याच आहेत आणि त्याच्याच मजल्यावर राहतात. उपयोग झाला नाही. मालक म्हणाले, बाईंचा पुरुष करा.

मराठीत बाईचा पुरुष करणं सोपं नसतं. इंग्रजीत 'शी'चा 'ही' केला की भागतं. आपल्याकडे 'आल्या'चं 'आले', 'म्हणाल्या'चं 'म्हणाले', 'त्यांची मैत्रीण'चं 'त्यांचा मित्र', प्रत्येक क्रियापद उचलून बदलावं लागतं. कंपोझिटर आणि मी रात्री दोनपर्यंत बसून चौदा पानांतलं लिंग बदललं. अंक निघाला. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, भर सभेत, चेअरमनसाहेबांनी सुटलेला अंबाडा पुन्हा घट्ट बांधला.

अंक बाजारात गेल्यावर आठवडाभर मला जेवण गेलं नाही. सेन्सॉरकडून काहीच आलं नाही. साताऱ्याहून एका वाचकाचं कार्ड मात्र आलं: 'कथा आवडली. अंबाडा विशेष.'

नात हसून हसून लोळली. हीसुद्धा हसली, पन्नास वर्षांत तिने ही गोष्ट निदान पन्नासदा ऐकली असेल तरी. मग मी नातीला बाकीचंही सांगितलं, कारण नुसत्या अंबाड्यावर ते दिवस सोडून देणं बरं नव्हे. देशभरात लाखाहून जास्त माणसं विनाचौकशी तुरुंगात होती, आपल्या येरवड्यातही होती. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष म्हणून समोर असताना त्यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं. तिने विचारलं, "मग तेव्हा इंडिया ऑथॉरिटेरियन स्टेट होती?" मी म्हटलं, "कितपत?" ती म्हणाली, "आबा, प्रश्न मी विचारलाय." मी एकवीस महिन्यांचा हिशेब मांडला, १९७७ च्या मार्चमधली निवडणूक सांगितली, खुद्द पंतप्रधान पडल्या हे सांगितलं. चार-पाच 'हाउएव्हर' माझ्याही बोलण्यात आले. निवाडा काही मला धड देता आला नाही. पंधरापैकी सात-आठ मिळाले असते.

कार्डांचं काम पुढे चालूच होतं. 'चार उपद्रवी, १९५८.' तिने डोळे मिटून सांगितलं: उंदीर, माश्या, डास, चिमण्या. "चिमण्या?" ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. चिमण्या शेतातलं धान्य खातात म्हणून माओच्या हुकमावरून सगळा देश थाळ्या, ढोल, भांडी बडवत उभा राहिला, चिमण्यांना कुठे टेकूच द्यायचं नाही, उडून उडून थकल्या की खाली पडतात. पडल्या. मग त्या जे किडे खायच्या ते पिकांवर तुटून पडले, तेव्हा १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. हेही एक शुद्धिपत्रच. ही म्हणाली, "चिऊताईने काय घोडं मारलं होतं यांचं?" आणि आत गेली.

पुढचं कार्ड मीच वाचलं. 'मोठी झेप, बळी.' नात म्हणाली, "किमान दीड कोटी, काही अभ्यासकांच्या मते साडेचार कोटीपर्यंत. कारणं: फुगवलेले उत्पादनाचे आकडे, सक्तीची धान्यवसुली, परसातल्या भट्ट्यांवर जुंपलेले शेतकरी, आणि दुष्काळ मान्य करायला नकार." मी कार्ड उलटून पाहिलं. सगळं बरोबर होतं. "बरोबर," मी म्हटलं. आणि पुढचं कार्ड उचलायला माझा हात काही लवकर गेला नाही. तिलाही ते जाणवलं असावं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "पाणी आणते."

मेच्या पहिल्या आठवड्यात देवगडची पेटी आली. नेमका त्याच दिवशी मला त्या जाड पुस्तकातल्या एका चौकटीत आंबा सापडला. ऑगस्ट १९६८. पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माओला आंब्यांची पेटी भेट दिली. माओने ते आंबे स्वतः न खाता बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात रेड गार्डांची मारामारी थांबवायला पाठवलेल्या कामगारांकडे धाडले. उत्तर चीनमध्ये तेव्हा आंबा कोणी पाहिलेला नव्हता. कामगार रात्रभर ते फळ हुंगत, न्याहाळत बसले. मग एकेक आंबा एकेका कारखान्याला गेला. एका ठिकाणी तो मेणात बुडवून ठेवला आणि त्याच्यापुढे वाकून नमस्कार सुरू झाले. तो सडायला लागला तेव्हा मोठ्या भांड्यात पाण्यात उकळून प्रत्येकाला एक-एक चमचा तीर्थ म्हणून मिळालं. मग मेणाचे आंबे निघाले, काचेच्या पेटीतले. मगवर आंबा, बिल्ल्यावर आंबा, पांघरुणावर आंबा.

मी हे मोठ्याने वाचून दाखवत होतो. ही पेटीतलं गवत बाजूला करून आंबे चाचपत होती. "उकळला?" तिचा चेहरा चार कोटींच्या आकड्यालाही झाला नव्हता एवढा गंभीर झाला. "आंबा उकळला? आणि चमचाभर?" आमरसाच्या घरातल्या बाईला हुकूमशाही याहून नीट समजावून सांगता आली नसती.

पुढची हकीकत मी आधी डोळ्यांखालून घातली आणि वाचावी की नाही म्हणून थांबलो. मग वाचली. एका छोट्या गावात हा आंबा मिरवत आला. तिथल्या दातांच्या डॉक्टरने तो पाहिला आणि म्हणाला, यात विशेष काय, रताळ्यासारखा तर दिसतो. त्याला पकडलं, गावातून धिंड काढली आणि गोळी घातली, असं सांगतात.

बराच वेळ कोणी बोललं नाही. नात एक आंबा हातात घेऊन नुसती फिरवत होती. मेणाचा आंबा, आणि रताळ्यासारखा रंग, हे मीही मनात जुळवून पाहत होतो. आणि काय सांगू, चुकलं नव्हतं त्याचं.

"आबा," ती म्हणाली, "तुमचा अंबाडा तिकडे राहून गेला असता तर?"

मी म्हटलं, "तू झोप आता. अकरा वाजले."

पेपर झाला त्या दुपारी ती घामाघूम होऊन आली. प्रश्न बरा आला होता. सत्ता टिकवण्यासंबंधी होता, माओ-कॅस्ट्रो दोन्ही नीट बसले, निवाडाही लिहिला. ही पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती. मी विचारलं, "आंबा घातलास का?"

"आबा, एका निबंधाला पंचेचाळीस मिनिटं. त्यात आंबा कुठे घालू? प्रचार आणि व्यक्तिपूजा, एक परिच्छेद. त्यात लिटल रेड बुक आलं, बिल्ले आले. आंबा राहिला."

"आणि तो डॉक्टर?"

"तोही राहिला." तिने पन्हं एका दमात संपवलं. "मनात आला होता पण."

जेवणं झाल्यावर तिने कार्डांना रबर लावून गठ्ठा माझ्या हातात दिला, रद्दीत घाला म्हणून. अजून घातलेला नाही. चाळताना दिसलं की एका कार्डावर मातेओत्तीच्या स्पेलिंगमध्ये एक टी कमी पडला आहे. माझं लाल पेन कुठे ठेवलं ते आठवत नाही. सापडलं की तो टी घालतो, मग बघू रद्दीचं.